आळसाचे वाढलेले भाव

आळशी माणसाला पूर्वी पैसे पडत नसत, उलट वाचत. मासिकाची वर्गणी संपली की अंकात एक चिठ्ठी यायची, ‘कृपया वर्गणी पाठवावी’. त्यासाठी पोस्टात जा, मनीऑर्डरचा फॉर्म भरा, रांगेत उभे राहा. एवढं कोण करतंय, म्हणून माणसं शेजारच्याचं मासिक मागून वाचत. पिग्मीवाला रोज तीन जिने चढून यायचा आणि आपण दार किलकिलं करून ‘उद्या या’ म्हणायचं. ज्याला पैसे हवेत त्याने चपला झिजवाव्यात, असा सरळ न्याय होता.

2020 च्या जुलैत यूपीआयवर ऑटोपे आलं आणि न्याय फिरला. आता नुसतं गप्प बसलं तरी पैसे जातात.

आमच्या नानांचंच घ्या. भाचीच्या साखरपुड्याचा दिवस बघायला त्यांनी पंचांगाचं एक ॲप घेतलं. एका रुपयात सात दिवस! साखरपुडा झाला, सात दिवस सरले आणि खात्यातून 499 रुपये गेले. भिंतीवरचं कॅलेंडर कसं, 31 डिसेंबरला मुकाट्याने संपतं. रात्रीतून नवीन होऊन खिळ्यावर चढत नाही.

पैसे कापण्याआधी किमान 24 तास कळवायचा नियम आहे, आणि कळवलंही होतं. पण तो मेसेज आला भर दुपारी, ‘रोडटच एनए प्लॉट’ आणि ‘पाच लाखांचं कर्ज मंजूर’ यांच्या मधोमध. नानांनी तिन्ही पुसून टाकले. “हल्ली फसवणूक फार वाढलीय,” असं वर आम्हालाच सांगितलं.

याच नानांचा चेक बँकेने परत पाठवला होता, का तर सहीतल्या ‘र’ची शेपटी आखूड पडली. आणि त्याच खात्यातून, एकदा पिन टाकून होकार दिला की, पुढे पंधरा हजारांपर्यंतचं नूतनीकरण कोणी काही न विचारता होतं. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा पाच हजारांवरून वाढवली. शेपटीचा प्रश्नच मिटला.

नाना रद्द करायला गेले, तर ‘सुरू ठेवा’ हे बटण भगवं आणि हातभर. ‘रद्द करा’ राखाडी, मुंगीएवढं. वर प्रश्न : ‘शुभवेळा चुकल्या तरी चालतील?’ ग्राहकाला असं ओशाळं करणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली जाहीर केलेल्या 13 लबाड्यांपैकी एक आहे. सदस्यत्वाचा सापळा ही आणखी एक. पण नानांना प्राधिकरणापेक्षा शुभवेळेचा धाक जास्त. त्यांनी बटणाला हात न लावता ॲपच काढून टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा 499.

“नाना, ॲप काढून काय होणार? परवानगी पैशांच्या ॲपमध्ये बसलीय,” मी म्हटलं. “तिथे ऑटोपे उघडा, रद्द करा, पिन टाका. झालं.”

“करतो रे. पण पैसे भरलेच आहेत तर महिनाभर वापरू तरी,” म्हणत नानांनी पंचांग पुन्हा उतरवून घेतलं. मग चष्मा पुसून, रद्द करायला चांगला दिवस कोणता, ते त्यातच पाहिलं.

सतरा तारीख निघाली. पैसे सोळाला कापतात.