नारिंगी आहे, काका!

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी ‘आज यलो अलर्ट’ असा निरोप यायचा आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागायची. मी एकदाच, तेही नम्रपणे, लिहिलं की हवामान खात्याच्या तक्त्यात पिवळा म्हणजे ‘वॉच’, नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’ आणि लाल म्हणजे ‘वॉर्निंग’. पिवळ्यात नुसतं लक्ष ठेवायचं, नारिंगीत तयारीत राहायचं, लालमध्ये हातपाय हलवायचे. तेव्हा अलर्ट काय तो नारिंगीच. सेक्रेटरींनी ‘धन्यवाद काका, सतर्क राहा’ असं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यलो अलर्ट पाठवला.

मी सतर्कच आहे. तक्रार तीच आहे.

चूक माझी, मी शब्दकोश उघडला. अलर्ट हा मूळचा इटालियन, ‘आल्ल एर्ता’. म्हणजे चढावर जा, उंचावरून टेहळणी करा. अलार्मही तिकडचाच, ‘आल्ल आर्मे’, शस्त्रं घ्या! तेव्हापासून रोज पहाटे 5.30 वाजता फोन मला शस्त्रं घ्यायला सांगतो आणि मी दुधाची पिशवी घ्यायला उठतो.

व्हिजिलन्सच्या पोटात लॅटिनमधला ‘जागा’ आहे. ऑक्टोबरअखेर, सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास, सरकारी कचेऱ्यांत ‘व्हिजिलन्स अवेअरनेस वीक’ पाळतात. जागेपणाविषयी जागं राहायचा आठवडा. मराठी फलकावर ‘दक्षता जनजागृती सप्ताह’. त्याच फलकाखाली मी एका दाखल्यासाठी उभा होतो. खिडकीत ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी, घड्याळात पावणेचार.

पण खरा सल वॉचमनचा. इंग्रजीत ‘वॉच’ आणि ‘वेक’ ही एकाच मुळाची भावंडं. म्हणजे वॉचमन हा शब्दशः जागा माणूस. आपल्याकडे शेतावर रात्री जागलीला जाणारा जागल्या, तोच हा.

एका रात्री नारिंगी लागला. अस्सल अलर्ट, म्हणून मी नियमाप्रमाणे उंचावर गेलो. गच्चीला कुलूप. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये. पाच मजले उतरलो. जागा माणूस एका खुर्चीत, त्याचे पाय दुसऱ्या खुर्चीत, मफलर डोळ्यांवर. मी आवाज न करता किल्ली काढली, तर मफलरीतून आवाज आला, “कोण ए?”

फ्रेंच पहारेकरी याच थाटात ‘की व्हीव?’ म्हणून हटकायचा. त्यावरून इंग्रजीत ‘ऑन द की व्हीव’ असणं म्हणजे टक्क जागं असणं. कोजागरीला लक्ष्मीही ‘को जागर्ति’ विचारत फिरते. एकूण हा प्रश्न विचारणाऱ्यानं स्वतः जागं असावं, अशी सगळीकडे निदान अपेक्षा तरी दिसते.

“मी, 502. नारिंगी आहे.”

“रजिस्टरात लिहा, काका.”

नाव लिहिलं, 11.40 अशी वेळ लिहिली. ‘कारण’च्या रकान्यापाशी पेन संपलं.

“पाऊस नाय यायचा,” मफलर म्हणाली. “झोपा जाऊन.”

मी पहाटेपर्यंत गच्चीवर होतो. पाऊस आला नाही.