तीनशे वर्षं जादा

"काकू, ऐकलंत का? इतिहासात तीनशे वर्षं कुणीतरी फुकटची घुसडलीत म्हणे!"

काकूंनी धुण्याची बादली खाली ठेवली आणि कुंपणाशी आल्या. कोल्हापूरच्या हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवून त्या आता सेंट आल्बन्सला लेकाकडे असतात. बादली खाली ठेवली म्हणजे विषय पसंत पडला असं समजायचं.

"कोण म्हणतंय?"

"आमचे हे. रात्र रात्र मोबाईलमध्ये डोकं. जर्मनीत हेरिबर्ट इलिग म्हणून एक लेखक आहेत. ते म्हणतात, इसवी सन ६१४ ते ९११ ही वर्षं झालीच नाहीत. सम्राट तिसरा ऑटो आणि पोप दुसरा सिल्व्हेस्टर, दोघांनी संगनमत करून सालं पुढे ढकलली."

"ती कशापायी?"

"ऑटोला सन १००० मध्ये गादीवर असायची हौस होती. मग मधला खड्डा भरायला शार्लमेन राजा रचला."

"त्याच्या लढाया, बायका, पोरंबाळं, सगळं बसल्या जागी? उद्योगी माणसं होती की!"

"हसू नका, हिशेब आहे त्याला. सीझरचं कॅलेंडर दर १२८ वर्षांनी एक दिवस चुकतं. त्याच्यापासून १५८२ पर्यंत तेरा दिवसांची चूक व्हायला हवी. पोप ग्रेगरीनं गाळले दहाच. म्हणजे तीनेक शतकं मुळात नव्हतीच!"

"अगं, पण ग्रेगरीला सीझरपर्यंत जायचं होतं कुठं? त्याला ईस्टर जागेवर आणायचा होता. त्यासाठी वसंतसंपात २१ मार्चला आणला, निकियाच्या धर्मपरिषदेच्या वेळी होता तिथं. ती परिषद ३२५ सालची. तिथपासून १५८२ पर्यंत मोज आणि १२८ नं भाग."

मी बोटांवर भागलं. दहाला किंचित कमी आलं.

"आलं ना? मग चहाला वेलची घाल म्हणावं, डोकं शांत राहतं."

मी एवढ्यात हार मानणार नव्हते. "ते राहू द्या. इथल्या ॲबेच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, मनोऱ्याचं काय? रविवारी ह्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवला. अख्खा मनोरा रोमन विटांचा, आणि बांधला नॉर्मन लोकांनी, १०७७ नंतर! रोमन राज्य संपलं ४१० च्या सुमाराला. साडेसहाशे वर्षं विटा काय वाट बघत बसल्या होत्या?"

"वीट आहे ती, शिळी व्हायला भाजी नव्हे. ह्या मुलखात बांधकामाला चांगला दगड नाही, नुसते चकमकीचे गोटे. आणि टेकडीखाली रोमनांचं व्हेरुलेमियम पडलेलं, तयार विटांचं अख्खं शहर. नॉर्मन यायच्या आधीच मठाधिपतींनी विटा उपसून साठवायला सुरुवात केली होती. त्याच मठातल्या मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूनं तेराव्या शतकात लिहून ठेवलंय. पुन्हा गेलीस तर वर नीट बघ. विटा चपट्या, पातळ, आणि दोन विटांमधला चुना जवळजवळ विटेइतकाच जाड. जुना माल जमवून बांधल्याची खूण आहे ती. आणि काय गं, ह्या मठाची स्थापना सांगतात ७९३ ची, ऑफा राजाच्या नावावर. बीड नावाच्या इतिहासकार साधूनं ७३१ साली इथल्या चर्चबद्दल लिहिलंय. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या हिशेबात राजाही गेला आणि बीडही गेला. राहिलं कोण?"

"गेले तर गेले! पण माती कशी खोटं बोलेल? ब्रेमेनचे एक प्राध्यापक होते, गुन्नार हाइनसोन. त्यांची मजल सातशे वर्षांपर्यंत. लंडनमध्ये खणलं की खाली रोमन थर, वर मध्ययुगाचा थर आणि मध्ये नुसती काळी माती. ना घरं, ना रस्ते. माणसं राहत होती तर गेली कुठं?"

"शेजारी गेली! माणसं कुठं जातात?" काकूंनी चिमटे टोपलीत टाकले. "ती काळी माती म्हणजे कुजलेली लाकडी घरं, चुलीची राख, शेणखत, परसातला भाजीपाला, सगळं गांडुळांनी वरखाली केलेलं. लंडनच्या रोमन तटाच्या आत वस्ती तुरळक होती हे खरं. पण बीड तर लिहितो की लंडन म्हणजे नाना देशांचे लोक येतात अशी पेठ. मग ही पेठ होती कुठं, म्हणून लोक कितीतरी वर्षं डोकं खाजवत होते. १९८४ मध्ये ॲलन व्हिन्स आणि मार्टिन बिडल, दोघांनी आपापल्या वाटेनं जाऊन एकच जागा दाखवली: तटाच्या पश्चिमेला, स्ट्रँड आणि कॉव्हेंट गार्डनच्या बाजूला. पुढं तिथं खणलं, तर घरं, कारखाने, भांडी, सगळं निघालं. तटाच्या आत माणसं परत आणली आल्फ्रेड राजानं, ८८६ मध्ये. दार बंद दिसलं म्हणून माणूस मेला म्हणतेस का? शेजारी विचारायचं की नाही?"

"मग ह्यांचं चुकतंय कुठं?"

"त्यांनी गप्पा मारायला शिकलं पाहिजे."

मी बघतच राहिले.

"बघतेस काय? कुणाच्या घरात काय चाललंय हे तुला कसं कळतं? एकीनं सांगितलं की तू विश्वास ठेवतेस का? नाही. ज्यांचं एकमेकींशी बोलणं नाही, त्या दोघींनी वेगवेगळं येऊन तेच सांगितलं, की मग तू म्हणतेस, खरं असावं. इतिहासाला दुसरं काय लागतं? ऑटो आणि पोप एक झाले असं धर. दोघांनी मिळून झाडं कशी फितवली?"

"झाडं?"

"लंडनमध्ये पोल्ट्री नावाच्या रस्त्याजवळ रोमन गटाराची लाकडं निघाली. झाडाला दर वर्षी एक वलय येतं. आजच्या झाडांपासून जुन्या तुळया, दलदलीतले ओंडके असं वलयाला वलय जुळवत मागं जातात. आयर्लंडच्या ओकची अशी सलग सात हजारांहून जास्त वर्षं १९८४ पर्यंत मोजून झाली होती. ह्या लाकडाचं झाड तोडलं कधी? इसवी सन ४७ च्या सुमाराला. आणि पुस्तकं काय म्हणतात? रोमन सम्राट क्लॉडियसचं सैन्य इथं उतरलं ४३ मध्ये. मधली २९७ वर्षं खोटी असती, तर झाडांची मोजणी आणि पुस्तकं तीनशे वर्षांनी भांडली असती. चार वर्षांत गटार बांधलं म्हणजे रोमन माणूस कामाचा!"

"आणि दुसरा साक्षीदार?"

"चीन. ८३७ मध्ये हॅलेचा धूमकेतू पृथ्वीच्या फार जवळून गेला, तिथल्या ज्योतिष्यांनी टिपून ठेवलाय, तोही ह्याच गाळलेल्या वर्षांत. तिसरा आपलाच. ऐहोळेचा शिलालेख माहीत आहे ना, पुलकेशीचा, रविकीर्तीनं लिहिलेला? शके ५५६, म्हणजे ६३४. इलिगच्या न झालेल्या वर्षांत बरोब्बर! शक तेव्हापासून आजच्या पंचांगापर्यंत न तुटता चालत आलाय. ऑटोनं जर्मनीत सालं ढकलली, तर आपल्या पंचांगवाल्यांनीही तेवढीच ढकलली? त्यांचं एकमेकांत एका एकादशीवर एकमत होत नाही! शिवाय पुलकेशी गेला, ह्युएन त्सांग गेला, वेरूळचं कैलास लेणं गेलं. तुझ्या नवऱ्याला चालेल का?"

"कैलासावर नाही हो चालणार. मागच्याच दिवाळीत तिथला फोटो लावलाय हॉलमध्ये."

"तेच तर! खूळ कसं असतं, दुसऱ्याच्या घरातलं सामान फेकायला जोर येतो. आपल्याकडचे पु. ना. ओक वेस्टमिन्स्टर ॲबे हे शंकराचं देऊळ म्हणायचे, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत किती जण खूश झाले होते! जगाला फसवलं गेलं आणि मला एकट्याला कळलं, ही चव एकदा लागली की सुटत नाही. गावगप्पा त्यापेक्षा बऱ्या. जिच्याबद्दल बोललो ती उद्या दुकानात समोर उभी राहते, म्हणून जीभ जरा जपून चालते. शार्लमेन काही जाब विचारायला येत नाही."

"आता ह्यांनी दुसराच धरलाय. फोमेन्को. रशियन गणिती आहे. त्याच्या मते रोम, ग्रीस, सगळं मध्ययुगात रचलेलं."

काकूंना हसू आवरेना. "मग बाथ शहरातले रोमन काळचे शिशाचे पत्रे कुणी रचले? तिथल्या गरम झऱ्यात सव्वाशेच्या वर निघालेत. ज्याची वस्तू चोरीला जाई तो शिशाच्या पत्र्यावर शाप लिहायचा आणि सुलिस मिनर्व्हा देवीच्या पाण्यात टाकायचा. कुणाचा अंगरखा गेलाय, कुणाचे पैसे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. त्यानं देवीला सांगितलं, चोराची बुद्धी जाऊ दे आणि डोळे जाऊ दे, तुझ्या देवळातच."

"दोन हातमोज्यांपायी डोळे?"

"इथला जानेवारी काढलायस ना तू? मला तर शिक्षा कमीच वाटली. आता मला सांग, खोटं साम्राज्य रचायला बसलेला माणूस सोन्याचे मुकुट पुरेल, राजांच्या आज्ञा कोरेल. हातमोजे गेले म्हणून चडफडणारा माणूस रचून, तो पत्रा गुंडाळून, कुणाला दिसणारही नाही अशा झऱ्याच्या तळाशी कशाला टाकेल? आणि असे सव्वाशे? वेगवेगळ्या हातांचे, वेगवेगळ्या रडगाण्यांचे?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "बरं, ह्यांना सांगते. त्यांनी अजून एक विचारायला सांगितलं होतं, हेड्रियनच्या भिंतीबद्दल..."

"विचारायला सांगितलं होतं?" काकूंनी बादली उचलली. "म्हणजे हे सगळं तो तुझ्या तोंडून विचारत होता होय? सांग त्याला, तीनशे वर्षं पुसून टाकायला धजतोस, तर कुंपणापर्यंत चालत यायला काय होतंय?"