झाडपाल्यालाही साइड इफेक्ट असतो

नाशिकमध्ये उदास माणसाला पहिला सल्ला डॉक्टर देत नाहीत. तो शेजारच्या काकू देतात, मेहुणा देतो, जिममधला मित्र देतो. अश्वगंधा घे, ब्राह्मी घे, झाडपालाच तर आहे, साइड इफेक्ट नाही. सांगणाऱ्याची माया खरी असते. शेवटचं वाक्य मात्र चुकीचं आहे आणि ते चुकीचं ठरवणारं झाड आपल्याच देशातलं आहे.

सर्पगंधा. झोप उडालेल्यांना, भ्रमिष्टांना वैद्य हे मूळ शतकानुशतकं देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर वापरलं आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. गोळ्या निघाल्या, रक्तदाब उतरू लागला. त्याबरोबर काही रुग्णांचं मनही उतरू लागलं. रडू येणं, कशातच जीव न लागणं, अशा तक्रारी डॉक्टरांच्या नोंदींत जमू लागल्या. रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करतं, असं दिसून आलं. नैराश्याचा या रसायनांशी संबंध असावा, या विचाराला जोर मिळाला त्यात सर्पगंधेचा वाटा मोठा होता. त्या जुन्या नोंदींवर पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, वाद चालू आहे. पण मूळ मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथे उलथापालथ करतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

मनावर परिणाम करण्याइतकी जी वनस्पती जोरकस आहे ती अपाय करण्याइतकीही जोरकस आहे. आणि जिच्यात अपाय करण्याची ताकदच नाही, तिच्यासाठी पैसे का मोजता?

सौम्य नैराश्यावर सर्वाधिक तपासली गेलेली वनस्पती आयुर्वेदाच्या बटव्यातली नाही, युरोपातली आहे. सेंट जॉन्स वर्ट, पिवळ्या फुलांचं झुडूप. आपल्याकडे ते हिमालयात उगवतं आणि त्याच्या गोळ्या आता घरपोच मिळतात. २००८ साली कॉक्रेन या संस्थेने २९ चाचण्या, जवळपास साडेपाच हजार रुग्ण एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की हा अर्क खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला, नेहमीच्या औषधांच्या बरोबरीने चालला आणि त्रासही कमी झाला. जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत त्याचे गुण जास्त दिसले, ही मेखही त्याच अहवालात आहे. म्हणजे वनस्पतीत दम आहे, आणि मी तो नाकारणार नाही. पण हीच वनस्पती यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावते. गर्भनिरोधक गोळी कमी पडते, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन कमी पडतं. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. झुरिकमध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोघांनी ती घेतली, नवं हृदय टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. २००० साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

अश्वगंधेचं काय? हैदराबादेत २०१२ साली ६४ जणांवर झालेल्या चाचणीत ताण कमी झाल्याचं दिसलं. ताण आणि नैराश्य एक नव्हे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या गोळीशी तिचा मेळ बसेलच असं नाही, गरोदरपणी तर ती टाळावीच. हळदीचं? भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ६० रुग्णांवर हळदीतलं करक्यूमिन तपासलं, निकाल फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळीच्या जवळपास आला. पण तुलनेला खोट्या गोळीचा गट नव्हता आणि काळ होता सहा आठवड्यांचा. सौम्य नैराश्य अनेकदा तेवढ्या काळात आपसूकही ओसरतं. मग श्रेय चूर्णाला मिळतं आणि मेहुण्याचा आत्मविश्वास वाढतो.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. लोक गोळीच्या सवयीला भिऊन चूर्णाकडे वळतात. पण सौम्य नैराश्यात गोळी ही पहिली पायरी नसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आधी समुपदेशन आणि व्यायाम सुचवतात. चरकाचार्यांनीही मन आवरण्याच्या उपचाराला, सत्त्वावजयाला, औषधापासून वेगळं स्थान दिलं आहे. जाणता वैद्य फक्त डबी हातात देऊन मोकळा होत नाही, तो बसवून घेतो, बोलतं करतो. ते बोलणं वगळून नुसतं चूर्ण घेतलं, तर आयुर्वेदही अर्धाच घेतला.

आणि ‘सौम्य’ हे ठरवणार कोण? दोन आठवडे उलटले तरी मन उभारी धरत नाही, झोप-भूक बिघडली, कामावर जाववत नाही, तर तो निवाडा काकूंचा नाही. जगणं नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. सिव्हिलमध्ये जा, रात्र असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

चूर्ण घ्यायचंच असेल तर औषध म्हणून घ्या. वैद्याला विचारून, एका वेळी एकच, लेबल आणि परवाना क्रमांक असलेलं. कधी सुरू केलं ते लिहून ठेवा, आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना ते दाखवा.

आता डॉक्टरांना. राज्यभरच्या एमबीबीएसची आणि बीएएमएसची परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, म्हसरूळला आहे. पदवी देणारं दार एकच, मग एका शाखेच्या डॉक्टराने दुसऱ्या शाखेचं औषध विचारायला संकोच कसला? सिंहस्थ तोंडावर आहे, त्र्यंबकच्या वाटेवर जडीबुटीच्या पथाऱ्या वाढतील. तेव्हा प्रत्येक केसपेपरवर एक प्रश्न हवा: सध्या कोणतं चूर्ण, काढा, मुळी चालू आहे? विचारताना कपाळाला आठी नको. रुग्णाने खरं सांगितल्यावर त्याला झापलंत, तर पुढच्या वेळी तो डबी घरी ठेवून येईल आणि तुम्ही आंधळेपणाने दुसरी गोळी लिहून द्याल.