अण्णा, इथं वर्षातून दोनदा चॅम्पियन होतात

कार्तागो, कोस्टारिका
मे अखेरचा रविवार

अण्णा आणि माय,

कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते, बाकीचं पोरं झोपल्यावर. बाळ्याला प्रिंट मोठ्या अक्षरात काढायला सांगा. फोनवर तुम्हाला काही समजावून सांगायला गेलं की तुम्ही "आवाज येईना गेलाय" म्हणून मायच्या हातात देता, आणि माय भाजी काय केली ते विचारते. म्हणून हे पत्र.

आधी परवाचं. अण्णा, सोन्या नापास झालेला नाही. "आजोबा, सगळ्यांचे पॉइंट झिरो झाले, आता जुलैत पहिल्यापासून" असं तो म्हणाला ते शाळेचं नव्हतं, फुटबॉलच्या लीगचं होतं. तुम्ही पुढचं ऐकून न घेता नांदेडला फोन लावलात. तिथून सासूबाईंनी तुमच्या जावयांना लावला. नांदेडला दुपारचे दोन म्हणजे इथं रात्रीचे अडीच. अडीच वाजता उठून या माणसानं "हो आई, गणिताची शिकवणी लावतो" असं कबूल केलं आणि कूस बदलून पुन्हा घोरायला सुरुवात. आता सासूबाई रोज विचारायल्यात, शिकवणीचं काय झालं म्हणून. हेडमास्तरकी सुटून किती वर्षं झाली अण्णा, पण झिरो ऐकलं की तुमच्या हातात लाल पेन येतोच.

तर आता चष्मा लावून वाचा. इथल्या लीगचं वर्ष म्हणजे आपलं गंगापूरच्या वाटेवरचं शेत समजा. पाऊस लागला की जुलैत एक स्पर्धा पेरतात, वर्षअखेरीला ती काढतात. तिला म्हणतात आपेर्तुरा. जानेवारीत रान मोकळं करून दुसरी पेरतात, ती मे महिन्यात निघते. ती क्लाउसुरा. एक खरीप, एक रब्बी. मध्यंतरी काही वर्षं तर त्यांची नावंच पावसाळी आणि उन्हाळी अशा अर्थाची होती. प्रत्येक हंगामाचा चॅम्पियन वेगळा, कप वेगळा, मिरवणूक वेगळी. खरिपाचे गुण रब्बीत धरत नाहीत, सगळ्यांची पाटी कोरी. मात्र खालच्या वर्गात कुणाला ढकलायचं हे ठरवताना दोन्ही हंगामांचे गुण एकत्र करतात, जो तळाला तो खाली. सोयाबीनचा आनंद वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, बँकेचं खातं मात्र एकच. हे तुम्हाला मी समजावून सांगावं असं काही नाही.

ही खोड यांची स्वतःची नव्हे. अर्जेंटिनानं १९९० च्या सुमाराला काढली, मेक्सिकोनं १९९६ मध्ये उचलली, आणि मग होंडुरास, एल साल्वादोर, ग्वाटेमाला अशी सगळ्या शेजाऱ्यांकडे पसरली. कारण सरळ आहे. वर्षात एक फायनल भरवली तर एकदा स्टेडियम भरतं, दोन भरवल्या तर दोनदा. शिवाय ऑक्टोबरातच ज्याचं काही खरं नाही असं दिसतं, त्याच्या गावकऱ्यांना जानेवारीची आशा दाखवता येते.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. "मग वर्षाचा खरा चॅम्पियन कोण?" हेच मी तुमच्या जावयांना विचारलं. पूर्वी म्हणे दोन्ही हंगामांचे विजेते आपसात खेळायचे आणि त्यातून एक निघायचा. २००७ पासून तेही बंद केलं. आता दोघेही खरे. तुम्ही म्हणाल, वर्गात दोन पहिले नंबर कसे? इथं आहेत, आणि कुणाचं पोट दुखत नाही.

(कुकर झाला. सोन्याचं दप्तर भरलं. चिमीचा एक मोजा सापडत नाही, तो सापडल्याशिवाय घरात शांतता नाही. पुढे.)

पण ज्या नियमानं माझं डोकं उठतं तो अजून सांगितलाच नाही. साखळी सामने संपले, एक संघ पहिला आला. तो चॅम्पियन का? नाही. पहिले चार सेमीफायनल खेळणार, तीही एकेक सामना नव्हे, एक आपल्या गावात, एक त्यांच्या. मग फायनल, तिचेही दोन सामने. आता तरी झालं का? फायनल जिंकणारा आणि साखळीत पहिला आलेला एकच असेल तर झालं. वेगळे असतील तर त्या दोघांची आणखी एक फायनल, मोठी फायनल, आणि तिचेही सामने दोन! म्हणजे पोरगं फायनल जिंकून घरी आलं, आईनं ओवाळायला ताट घेतलं, तर ते म्हणणार, "थांब माय, फायनल बाकी आहे." आपल्याकडं लग्न लागल्यावर पुन्हा बोलणी करायला बसावं असला प्रकार. मी शेजारणीला विचारलं, हे कशासाठी? ती हसली, खांदे उडवले आणि कॉफी पुढं केली. इथं कुठल्याही अवघड प्रश्नाचं उत्तर कॉफी.

तुमचे जावई साप्रिसावाले. राजधानीशेजारच्या तिबासचा संघ, जांभळे कपडे, देशात सगळ्यांत जास्त कप यांच्याकडं. नांदेडच्या माणसाला जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायला फार आवडतं, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, तर ते लगेच आयुक्तालयाचा विषय काढतात. आयुक्तालय लातूरला की नांदेडला हे भांडण आमच्या घरात सात समुद्रापलीकडंही चालू आहे, आणि ज्या दिवशी पोळ्या करायची पाळी त्यांची असते त्या दिवशी जरा जास्तच. तर या साप्रिसानं १९७२ ते १९७७ सलग सहा विजेतेपदं घेतली, त्याला सहा वर्षं लागली. २०२२ च्या खरिपापासून २०२४ च्या रब्बीपर्यंत सलग चार घेतली, त्याला दोन वर्षंही पुरी लागली नाहीत. मोजताना मात्र सगळे कप सारखेच. मला हे पटत नाही. तुमच्या जावयांना फार पटतं.

सोन्या आमच्या गावाच्या बाजूचा, म्हणजे कार्ताखिनेसचा. निळे-पांढरे कपडे, १९०६ चा क्लब, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. आणि अण्णा, यांची गोष्ट ऐकली तर तुम्ही खुर्ची पुढं ओढाल. १९४० मध्ये हे चॅम्पियन झाले. त्यानंतर एकदम २०२२. ब्याऐंशी वर्षं! मधे कितीदा फायनलपर्यंत जाऊन हात हलवत परत. लोक म्हणायचे, १९४० च्या जल्लोषात खेळाडू घोड्यावर बसून देवीच्या मोठ्या देवळात शिरले आणि पाद्र्यानं शाप दिला. दुसरे म्हणायचे, मैदानात कुणीतरी बाहुली पुरून ठेवलीय. मराठवाड्यात भानामतीचं कुणाला सांगायला नको. मायला ही गोष्ट सांगितली तर तिनं पहिला प्रश्न विचारला, "बाहुली उकरून काढली का नाही?" माय, शोधणाऱ्यांनी शोधली म्हणतात. कुणाला सापडली असं ऐकलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारे राहतात. सामन्याच्या दिवशी टीव्ही लावतात, त्याचा आवाज बंद करतात आणि बाजूला रेडिओ ठेवतात, कारण टीव्हीवर गोल उशिरा होतो. मग रेडिओत गोल झाला की हे ओरडतात, आणि तो टीव्हीत दिसेपर्यंत बोट दाखवून सोन्याला सांगतात, आता बघ, आता बघ. देवघरात २०२२ च्या संघाचा फोटो, समोर मेणबत्ती. मी एकदा विचारलं, ब्याऐंशी वर्षं वाट बघितलीत, आणि तेच वर्ष संपायच्या आत पुढच्या स्पर्धेचा कप साप्रिसानं नेला. जुनी पद्धत असती तर निदान वर्षभर तुमचं राज्य राहिलं असतं. वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "पुढच्याला ब्याऐंशी वर्षं लागली तरी माझी तक्रार नाही. तेव्हा मी नसेन."

मी तर म्हणते, हा नियम जिंकणाऱ्याला फसवतो आणि हरणाऱ्याला सांभाळतो. आणि जगात हरणारेच जास्त. म्हणून टिकलाय.

एक मात्र आहे. दोन हंगामांच्या मधे, डिसेंबरात, इथं सगळं थांबतं. नाताळ. घरोघर तामाल करतात, मक्याचं पीठ केळीच्या पानात बांधून उकडतात. शेजारीण आमच्यासाठी आठवणीनं मांस न घालता वेगळे करते, त्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधते. नेमकी तेव्हाच आपली येळवस. बाळ्यानं शेतातून व्हिडिओ लावला होता. कोपीत पाच पांडव मांडलेले, माय भज्जी वाढायली, मामा आंबिलीचा तांब्या घेऊन पळायले, आणि तुम्ही ओरडायलाव, "अरे फोन बाजूला ठेवा, जेवा आधी." मी म्हटलं, आपणही करू. हरभऱ्याची पालेभाजी नाही, तुरीचे दाणे नाहीत, डाळ-पीठ लावून काहीतरी भज्जी केली. बाजरीचं पीठ नाही म्हणून मक्याचे उंडे. सगळ्यांनी खाल्ले. कुणी काही बोललं नाही. सोन्यानं ताट उचलून ठेवलं आणि विचारलं, आपण पुढच्या येळवसेला लातूरला असू का? तुमचे जावई म्हणाले, बघू. हे "बघू" मी तुमच्याकडून लहानपणापासून ऐकत आले, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

आता तुमच्या पत्राला उत्तर. शकूचं जमलं हे ऐकून बरं वाटलं. मुलगा उदगीरचा असो नाहीतर अहमदपूरचा, आधी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा, पगार नंतर. मामीनं बांधावरून पुन्हा भांडण काढलं यात मला नवल वाटलं नाही. तो बांध दरवर्षी तिच्या बाजूनं सरकतो, पाय फुटलेत त्याला. नांदेडच्या भाऊजींनी विष्णुपुरीकडं प्लॉट घेतला तर घेऊ द्या, तुम्ही रेट काढत बसू नका, ते लगेच इकडं कळतं. आणि माय, तू पाठवलेला येसर मिळाला. पार्सल बरंच फिरून आलं, कारण इथं घराला नंबर नाही, चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला असाच पत्ता असतो. कारळाची चटणी सांडली होती, पण ती कुरडयांत सांडली म्हणून वाया काहीच गेलं नाही.

बाळ्याला नीटवरून बोलू नका. लातुरात राहून नीटला बसणाऱ्या पोराला आणखी कुणी वेगळं बोलायची गरज नसते, अख्खी गल्ली बोलतच असते. कमी पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. त्याला म्हणावं, आत्याच्या गावात ब्याऐंशी वर्षांचा रिपीटर संघ आहे.

आता शेवटचं आणि हे मायनं मोठ्यानं वाचून दाखवायचं. अण्णा, गुडघ्याचं ऑपरेशन. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, सोयाबीन निघाल्यावर. सोयाबीन निघालं तर म्हणालात, हरभरा निघू द्या. हरभरा निघाला, ज्वारी निघाली, आता फोनवर म्हणायलाव पेरणी होऊ द्या. फुटबॉलवाल्यांचा हंगाम संपतो तरी, तुमचा संपतच नाही. पेरणी मामा करतील, नाहीतर बटईनं द्या. पाऊस लागायच्या आत लातुरातच डॉक्टरकडं जा, तारीख घ्या आणि बाळ्याकडून मला कळवा. तिकीट त्या तारखेचं काढायचं आहे.

तुमची
बेबी