अजून दोन बसतील
(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : वहिनी. साठीच्या आतबाहेर. खोचलेला पदर, कपाळावर पिठाचा पांढरा फराटा.
स्थळ : मुरुड. सुपारीच्या वाडीतलं घर. पडवीत टेबल, त्यावर परात, पिठाचा डबा, मोठा कुकर. मागे पाटी : 'घरगुती जेवण मिळेल. राहण्याची सोय.'

(वहिनी हात पुसत येतात. प्रेक्षकांना न्याहाळतात.)

या, बसा. जंजिरा बघून आलात? राजपुरीहून होडीनं? कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढला? बरं केलंत.

आता ऐका. हा जंजिरा घेण्यासाठी शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला. 1682 साली संभाजीराजांनी तर समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली. किल्ला नाही पडला. असा दुसरा अजिंक्य किल्ला मुरुडात कुठला, सांगा? माझं स्वयंपाकघर. आमच्या ह्यांनी लग्नापासून कधी त्यात पाऊल टाकलं नव्हतं. वाट बांधणं दूर, साधा खडासुद्धा टाकला नव्हता.

(पाटीकडे बोट.)

आणि मी खाणावळ चालवते. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. दारातूनच हाक. "काकू, अगदी घरच्यासारखं जेवण हवं हं! आईच्या हातचं!" म्हटलं, बसा. सुरमई तळते, तांदळाची भाकरी, सोलकढी. मग सुरू. "काकू, तिखट जरा कमी." बरं. "तेल कमी." बरं. "खोबरं जरा कमीच घाला." अरे, मग आईच कमी कर ना!

एकाला विचारलं, "तुझ्या घरी कोण करतं रे?" म्हणाला, "घरी आम्ही बाहेरून मागवतो." म्हणजे बाहेरचं घरी खायचं आणि घरचं खायला घाट उतरून मुरुडला यायचं! पेट्रोल जाळून!

जाताना मात्र ताट चाटूनपुसून. "काकू, मन शांत झालं." मी हसते. आणि आत जाऊन काय खाते, माहितेय?

(टेबलाखालून हळूच बिस्किटाचा पुडा काढतात.)

पार्ले-जी. चहात बुडवून.

हसू नका! सुरमई माझ्या हातची, कढी माझ्या हातची, लोणचं, पापड, मेतकूट माझ्याच हातचं. या घरात माझा हात न लागलेली खायची वस्तू ही एवढीच. म्हणूनच गोड लागते.

ते निसर्ग वादळ आठवतं? 3 जून 2020. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या अशा निजल्या, की मोजायला नको. कौलं उडालेली, वीज गेलेली, ती किती दिवस आली नाही. चूल भिजलेली. संध्याकाळी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बाईनं पातेलं पाठवलं. मऊ भात. वर सुकट. भात खाली लागला होता, वर मीठ विसरलेली. असा भात मी गिऱ्हाइकाला वाढला असता, तर मोबाइलवर एकच तारा पडला असता. मी दोनदा घेतला. आणि घास गिळताना जे काय वाटलं ना... (थांबतात. नाक पुसतात.) ते मीठ नव्हतं म्हणून डोळ्यांतून घालत होते, एवढंच.

(एकदम उत्साहात.)

तर आमचे हे निवृत्त झाले. एस.टी.त कंडक्टर होते. अलिबाग-मुरुड, रेवदंडा-काशीद करत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं बघायचे, जसा काही विनातिकीटच चाललाय. मग नातीनं मोबाइलवर काहीतरी दाखवलं आणि एके सकाळी हे उभे. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर! म्हणाले, "आज तू बस. मी तुला कुकीज करून घालतो."

मी म्हटलं, "कुकीज म्हणजे नानकटाईच ना?"

"छे! कुकीज सोप्या असतात."

अहो, नानकटाई काय यांच्या मोबाइलात जन्मली? सुरतेला डचांची वखार होती, त्यांनी तिथं पावाची भट्टी लावली. जाताना ती फरामजी पेस्तनजी दोतीवाला नावाच्या पारश्याच्या हाती आली, आणि त्या भट्टीतून नानकटाई निघाली, असं सांगतात. बघा, किल्ल्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तोफा डागत बसले. नानकटाई मात्र एकही गोळी न झाडता आमच्या दिवाळीच्या डब्यात शिरली. चकलीच्या शेजारी जाऊन बसली, आणि चकलीनं विचारलंही नाही, की तू कुणाची!

माझ्या लहानपणी घरात ओव्हन कुणाकडे? आई पहाटे मैदा-तूप फेसायची. मग आम्ही पोरं डबा डोक्यावर घेऊन बेकरीत. भट्टीवाला चाचा पत्रे लावून द्यायचा. सगळ्या आळीची नानकटाई एका भट्टीत! पत्र्याला नावाची चिठ्ठी. उष्णतेनं चिठ्ठी जळायची. मग भांडण. "ही आमची, आमच्यात जायफळ आहे!" "ती तुमची, तिच्यात डालडा आहे!" डालडा हा शब्द आमच्या आळीत शिवी म्हणून वापरत.

(कुकर उचलतात.)

हे म्हणाले, "ओव्हन नाही, मग?" म्हटलं, रायगड जिल्ह्याच्या माणसानं असं विचारू नये. थंडीत पोपटी लावतो ती कशात? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडीही घालतं. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं, भोवती गवत-काटक्या पेटवल्या, की झालं. माझी आजी काकडीचं धोंडस करायची ते झाकणावर निखारे ठेवून. वर विस्तव, खाली विस्तव, मधे पदार्थ. ओव्हन म्हणजे दुसरं काय? (हळूच) संसारही तोच. मधे मी.

तर कुकर. तळाला मीठ, वर कडं. रबर काढायचं, शिटी काढायची, दहा मिनिटं कोरडा तापवायचा. ह्यांनी सगळं केलं. वही उघडली, पेन घेतलं आणि विचारलं, "किती शिट्ट्या?"

(कपाळावर हात.)

शिटी तुमच्या हातात आहे हो! तोंडानं मारा!

प्रमाण सोपं. मैदा दोन वाट्या, मूठभर रवा, पिठीसाखर एक वाटी, तूप वाटीला थोडं कमी, चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. पण तूप घट्ट हवं! आमच्या हवेत तूप सकाळी दहालाच वितळतं. वितळलेल्या तुपाची नानकटाई उभीच राहत नाही, पसरते. म्हणून तूप गार करायचं, साखर घालून तळहातानं फेसायचं, पांढरंशुभ्र होईस्तोवर. त्या फेसात हवा अडकते, तीच पुढं खुसखुशीतपणा देते. हे दोन मिनिटं फेसत आणि म्हणत, "झालं." मी म्हणे, "नाही." पुन्हा दोन मिनिटं. "आता?" "नाही." पिवळं होतं ते पांढरं झालं, तेव्हा ह्यांचा चेहरा पांढऱ्याचा पिवळा झाला होता.

मग गोळे. नानकटाई फुलते, म्हणून दोन गोळ्यांत बोटभर जागा सोडायची. ताटलीत सात बसतात. ह्यांनी सात ठेवले. ताटलीकडे बघितलं. आणि बघता बघता अंगात कंडक्टर आला! "मागं जागा आहे, सरका पुढं... अजून दोन बसतील." झाले नऊ. "उभ्यानं एक जाईल." दहा! झाकण लावलं आणि म्हणाले, "डबल बेल!"

मंद आच, वीसेक मिनिटं. दर मिनिटाला झाकण उघडून तपासणी. म्हटलं, धग जाते, उघडू नका! मग वास सुटला. तूप, वेलची... वाडीतून पार रस्त्यापर्यंत. झाकण काढलं. दहाही प्रवासी एकमेकांच्या मांडीवर! ताटलीभर एकच नानकटाई. भाकरीएवढी. हात लावला, तर मऊ. हे घाबरले, "कच्चीय! अजून ठेवू?" इथंच माणसं फसतात. गरम असताना ती मऊच असते, गार झाल्यावर कडक होते. जास्त ठेवली, की खालून कोळसा. म्हटलं, "थांबा." थांबणं! आयुष्यभर माणूस थांब्यावर थांबला, पण कधी कुणासाठी नाही. वेळापत्रकासाठी.

गार झाली. ह्यांनी सुरीनं पोळीसारखे त्रिकोण कापले. बशीत मांडले. चहा केला. आणि मला खुर्ची दिली.

(खुर्चीवर बसतात. अवघडून. पुन्हा उठायला जातात, बसतात.)

बसता येईना हो! पाय आपोआप गॅसकडे. हे म्हणाले, "बस." आणि समोर उभे. हात पुसत. माझ्या तोंडाकडे टक लावून. मी रोज अशीच उभी असते, गिऱ्हाईक पहिला घास घेतं तेव्हा.

तुकडा तोंडात टाकला. कडेला करपट, मधे जरा कच्ची. ह्यांनी विचारलं, "कशी झालीय?" मला वाटलं, आता चांगलं म्हणावं. पण त्या खुर्चीत काय जादू होती कोण जाणे! पायावर पाय टाकला आणि म्हटलं,

(ऐटीत.)

"छान आहे. गोड जरा कमी चाललं असतं. तूपही कमी. आणि जायफळ... जायफळ थोडं कमीच घाला."

ह्यांचं तोंड बघायचं होतं! म्हणाले, "एवढं सगळं कमी केलं, तर राहील काय?"

"ते आचाऱ्यानं बघायचं. आणि आणखी एक चहा. गरम."

आणला हो! न बोलता आणला. मी सगळी नानकटाई खाल्ली. करपटसुद्धा. मन असं शांत झालं...

(आतून भांडं पडल्याचा आवाज. वहिनी दचकत नाहीत.)

सगळी भांडी पडलीयत आत, तुपानं माखलेली. हे मघापासून दारातून बघतायत, की ही कधी उठते.

(खुर्चीत आणखी रेलून.)

बघू दे. गिऱ्हाइकानं कधी भांडी घासलीयत?

(पडदा)