हौशी सेनापती

२८ मिलिमीटर उंचीच्या माणसालाही मोजे असतात. माणूस स्कॉटिश असला तर ते लाल-पांढऱ्या चौकडीचे असतात. त्यांच्यावर हिरव्या-निळ्या चौकड्यांचा किल्ट, किल्टवर लाल कोट, आणि डोक्यावर शहामृगाच्या काळ्या पिसांची टोपी, जिच्या कडेच्या पट्टीवर पुन्हा चौकड्याच. इंग्रज शिपाई रंगवायला लाल, पांढरा, करडा आणि एक रविवार पुरतो. स्कॉटिश पलटण आख्खा पावसाळा खाते.

हा उद्योग देवळाली कॅम्पात बसून करणं तसं रीतीला धरून आहे. १८६१ पासून विलायतेच्या पलटणी मुंबई बंदरात उतरून इथे यायच्या आणि नोकरी संपलेले गोरे शिपाई परतीच्या बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. रेस्ट कॅम्प रोड हे नाव तेवढं मागे राहिलं. माझ्याकडे मात्र पलटणी अजून येतात. फरक इतकाच, की त्या आता पार्सलने येतात आणि त्यांच्यावर कस्टम ड्यूटी भरावी लागते.

“परक्यांची एवढी बडदास्त? आपले मावळे कुठे गेले?” हा आईचा प्रश्न. मावळे कुठेच गेलेले नाहीत, उलट सगळ्याची सुरुवात त्यांनीच केली. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करून, त्यावर अळीव पेरून, बाजारातून आणलेले मातीचे मावळे ज्याने मांडले, त्याला ही खोड लागलेलीच असते. वयाप्रमाणे ती जाते एवढंच. माझी गेली नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर प्रमाणाची फिकीर नसायची. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच, गवळण महाराजांहून उंच, आणि गुहेतला वाघ या सगळ्यांना पुरून उरेल एवढा. इथे मात्र मिलिमीटरवरून माणसं आयुष्यभराची मैत्री तोडतात.

स्कॉटिश शिपाईच का, याचं उत्तर जालना जिल्ह्यात आहे. भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असई गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली दहा हजारांहून कमी माणसं घेऊन शिंदे-भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेवर चालून गेला. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. पण त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. शेजारच्या गावांत येणंजाणं असणारच, म्हणजे उतारही असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो खरा निघाला. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या सोयरिकीच्या भरवशावर नदीत उतरला होता, हे मला फार आवडतं.

त्याच्याबरोबर नदी ओलांडणाऱ्यांत मद्रासकडचे देशी शिपाई बहुसंख्य होते, आणि गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. दोन्ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या. कंपनी सरकारने नंतर त्यांना खास निशाण दिलं आणि बिल्ल्यावर हत्ती मिरवायची परवानगी दिली. म्हणजे मराठवाड्यातल्या एका खेड्याचं नाव आणि एक हत्ती स्कॉटलंडात टोपीवर लागले.

आता रंगवणाऱ्याची पंचाईत सुरू होते. खोक्यात सहज मिळणारे हायलँडर असतात वॉटर्लूचे, १८१५ सालचे. त्यांना रंगवून असईचे करायचं. ७८व्या पलटणीची कॉलर आणि बाह्यांची दुमड पिवळट बदामी, ७४वीची पांढरी. ७८वीचा किल्ट मॅकेन्झी घराण्याचा. त्यात हिरव्या-निळ्या चौकड्यांवरून केसासारख्या पांढऱ्या आणि लाल रेघा जातात. त्या उन्हात त्यांनी किल्ट घातला होता की विजार, यावर रंगवणारे हमरीतुमरीवर येतात. मला किल्ट हवा असतो. एवढी चौकड्यांची हौस करून विजार कोण रंगवील?

या रेघेला तीन शून्यांचा ब्रश लागतो, घड्याळजीचं भिंग लागतं आणि श्वास रोखून धरावा लागतो. बाहेर तोफखान्याचा सराव चालू असतो. देवळालीकरांना त्या आवाजाचं काही वाटत नाही, खिडकीची तावदानं थरथरली तरी हातातला चहा हिंदकळत नाही. पण मॅकेन्झीची पांढरी रेघ ओढताना तोफ उडाली की त्या शिपायाच्या घराण्यात नवीनच शाखा निघते.

मग येते जमीन. खोक्यावरच्या चित्रात शिपाई हिरव्यागार कुरणात उभे असतात. सप्टेंबरअखेरीच्या भोकरदनला कुरण कुठलं? मी पायाखाली इथल्या दारणा नदीची बारीक वाळू चिकटवतो आणि तिला काळ्या जमिनीचा रंग देतो. काळ्या मातीत उभा केला की तो लालबुंद तोंडाचा गडी एकदम खरा वाटायला लागतो. आपलं घर किती लांब आहे हे त्याला नुकतंच कळलंय असा.

सैन्य तयार झालं की लढाई. फासे, फूटपट्टी आणि नियमांचं पुस्तक घेऊन जेवणाच्या टेबलावर युद्ध खेळायचं, हा थोरामोठ्यांचा खेळ आहे. प्रशियाचे अधिकारी १८२४ पासून तो नकाशावर शिक्षण म्हणून खेळत. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो खेळण्यातल्या शिपायांसह घरच्या जमिनीवर आणला. खऱ्या युद्धापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, म्हणजे पुस्तक योग्य माणसांच्या हाती पडलं नव्हतं.

असईला खरी ७४वी पलटण वाट चुकलेल्या आघाडीच्या तुकड्यांमागून थेट गावाजवळच्या तोफांसमोर गेली. सुमारे ५०० माणसांपैकी ४००च्या आसपास मेली किंवा जखमी झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण ज्याने त्या माणसांचे मोजे रंगवलेत, त्याला ही ओळ ओलांडता येत नाही. माझ्या टेबलावर ७४वी कधीच गावाकडे वळत नाही. ती नदीकाठी, सावलीत, राखीव असते. मी पुढे पाठवतो ते घाईत उरकलेले, एका रंगाच्या हाताचे. भाची समोर शिंद्यांच्या बाजूला बसते. तिच्या तोफा तिनेच एका संध्याकाळी रंगवल्या, गोलंदाजांना सरसकट पांढरे अंगरखे चढवून. त्यामुळे ती बेधडक खेळते. “मामा, तुझी चांगली माणसं कधी लढणार?” असं विचारते आणि जिंकते. देवळालीत असईची लढाई बहुधा दौलतराव शिंदेच मारतात.

शेजारचे सुभेदारसाहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. ते आले की स्कॉटिश चौकड्यांकडे ढुंकून बघत नाहीत, सरळ गोलंदाजांकडे जातात. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि कंपनीची फौज पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला, हे मी त्यांना सांगितलं. साहेब गप्प झाले. मग भाचीला म्हणाले, “बेटा, तोफ सोडून न जाणाऱ्या माणसाला असं पांढरं फासतात? त्याला पागोटं दे, कमरेला शेला दे, मिश्या दे. मिश्या आधी दे.”

आता ती भिंग लावून मिश्या काढते आहे. परवा मी तिच्या एका तोफेवर हल्ला जाहीर केला, तर तिने ती हलकेच मागे घेतली. “याचा शेला अजून ओला आहे,” म्हणाली. मी ओळखलं. हे दुखणं मला माहीत आहे.

दोन्ही सैन्यं पुरती रंगून झाली की इथे लढाई अशक्य होणार, हे स्पष्ट दिसतंय. खऱ्या इतिहासात शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला ३० डिसेंबर १८०३ला, असई होऊन तीन महिने उलटल्यावर. आमचा तह लढाईच्या आधीच होईल. त्यात एकच कलम असेल, की रात्री आठाच्या आत टेबल मोकळं करावं. आई त्यावर सर्वांत आधी सही करील.