कुठलं जळकोट, सर?

आमचा प्रस्ताव लिहून देणाऱ्या सरांना,



निधी देणाऱ्या संस्थेकडून प्रस्ताव परत आलाय. समासात एकच प्रश्न आहे: 'हे नेमकं कुठलं जळकोट?' आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यात, नळदुर्ग ओलांडलं की सोलापूर–हैदराबाद महामार्गावर. तुम्ही आकडे घातलेत ते उदगीरकडच्या, लातूर जिल्ह्यातल्या जळकोट तालुक्याचे. लोकसंख्या त्यांची, गावं त्यांची, आणि खाली सह्या आमच्या बचत गटाच्या बायकांच्या! मान आमची खाली गेली, सर. जायला हवी होती तुमची.

आम्ही मागत काय होतो? शाळकरी मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासायचं आणि कमी निघालेल्या प्रत्येकीचा उपचार पुरा होईपर्यंत मागे लागायचं. त्यासाठी चौघीजणी महिनाभर उन्हात घरोघर फिरल्या. कुठली मुलगी शाळेतल्या लोहाच्या गोळ्या खाते, कुठली फेकते, फेकते तर का, हे सगळं वहीत उतरवलं. ती वही हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "असल्या वह्या कुणी बघत नाही. आकडे मी टाकतो."

बघतात, सर. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. दोनच गावं होती ती! पुढे नवजात बाळांसाठी ३९ गावांत घरोघरी काम केलं, तेव्हा काम नसलेल्या ४७ गावांच्या नोंदीही ठेवल्या. म्हणून तर फरक कामामुळेच पडला, हे त्यांना १९९९ मध्ये जगाला दाखवता आलं. आणि लांब कशाला जायचं? नळदुर्गाच्या अलीकडे अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. तुम्हाला मात्र आमच्या बायकांचं अक्षर रद्दी वाटलं.

आमचा धाराशिव जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, हे वाक्य तुम्ही चार पानांत तीनदा लिहिलंत. पैसे देणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात, गावापर्यंत येत नाहीत. शिवाय २०१९–२१ च्या पाहणीत बायकांचा रक्तक्षय मोजला तो १५ ते ४९ वयाच्यांचा. आठवीतली तेरा वर्षांची पोर त्यात आलीच नाही. ती होती फक्त आमच्या वहीत, आणि तुम्ही तिला वगळलंत.

या खेपेला प्रस्ताव आम्हीच लिहितोय. जिल्ह्याचा आकडा एका ओळीत, बाकी सगळं वहीतलं, मुलींची नावं झाकून. तुमची फी बुडाली असं आम्ही धरून चाललोय.

वही तेवढी परत पाठवा. पाकिटावर जळकोट, तालुका तुळजापूर, असं स्वच्छ लिहा.

— बचत गटातली एक बाई